वशिंडाची वंशावळ

नईमहून मनामाच्या सेंट्रल मार्केटला पायी जाता येतं. भाजीच्या गाळ्यांकडे जायची माझी वाट मटणाच्या बाजूने जाते. गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका गाळ्यापुढे पाय थबकले. हुकाला जनावराचा पुढचा चौथा हिस्सा टांगलेला होता आणि मानेमागे, खांद्यावर, एक उंचवटा दिसत होता. कापलेल्या बाजूने तो आरपार दिसत होता. लाल स्नायू, त्यात पांढऱ्या चरबीच्या बारीक रेघा. वशिंड. खाटकाला विचारलं, तर म्हणाला, पाकिस्तानचा माल आहे, विमानाने येतो. शेजारच्या फ्रीझरमधल्या खोक्यांवर ब्राझील लिहिलेलं होतं, ऑस्ट्रेलिया लिहिलेलं होतं. भारताच्या नावाची खोकी होती ती म्हशीच्या मटणाची.

मी गोमांस खात नाही. पण मी मिरज तालुक्यातला, गोठ्यात वाढलेला. आमच्याकडे बैल घ्यायला गेलेला माणूस आधी दात बघतो, मग खूर, मग वशिंडावर तळवा ठेवून दाबून बघतो. आजोबांचा हात मी असा कितीतरी वेळा पाहिला आहे. त्या दिवशी पिशवीत भेंडी घेऊन घरी आलो आणि ब्राझीलच्या, ऑस्ट्रेलियाच्या जनावरांच्या खांद्यावरही वशिंड असतं का, ते वाचत बसलो. असतं. मांसासाठी कळप पाळणारे गरम मुलखातले लोक संकराला जाती निवडतात तेव्हा एक बाजू बहुतेक वेळा वशिंडवाल्याची असते. तिचा माग काढत मागे मागे गेलं की वाट आपल्याच दावणीपाशी येते.

मी राहतो तिथूनच सुरुवात करतो. बहरीन म्हणजे प्राचीन दिलमुन. चार हजार वर्षांपूर्वी सिंधूच्या मुखापासून मेसोपोटेमियाला जाणारी गलबतं इथे थांबत. इथली वजनं सिंधू संस्कृतीच्या मापाची होती, आणि आखातात सापडलेल्या काही गोल मुद्रांवर मान खाली घातलेला बैल आणि त्याच्यावर सिंधू लिपीतली अक्षरं आहेत. बारबार गावच्या देवळाच्या अवशेषांत डॅनिश उत्खननकारांना १९५०च्या दशकात तांब्याचं एक बैलाचं डोकं मिळालं. ते मनामाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो आहे. वर वळलेली मोठी शिंगं, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. फक्त डोकं आहे, पाठ नाही. त्यामुळे त्याला वशिंड होतं की नाही, हे ते डोकं सांगत नाही.

पण हाडं सांगतात. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात पश्चिम आशियातल्या ६७ प्राचीन गुरांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. तिकडची मूळ गुरं बिनवशिंडाची, युरोपातल्या गुरांच्या कुळातली. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला आणि त्यानंतर थोड्याच काळात त्या सगळ्या पट्ट्यातल्या गुरांत वशिंडवाल्यांचं रक्त झपाट्याने शिरलं. आईकडून उतरणाऱ्या जनुकांत मात्र तेवढा बदल नाही. म्हणजे गायी तिथल्याच राहिल्या, वळू पूर्वेकडून आले. पाणी आटलं, चारा जळाला, तेव्हा कोणा पशुपालकाने आपल्या गायीवर सिंधूकडचा वळू सोडला. संकरासाठी जात निवडल्याचा एवढा जुना आणि एवढा स्पष्ट दाखला माझ्या वाचनात दुसरा नाही. ते वळू गलबतातून आले की बलुचिस्तानातून चालत, ते जनुकांत लिहिलेलं नसतं. पण हे घडलं तो काळ दिलमुनच्या भरभराटीच्या आरंभाचा आहे, आणि त्या तांब्याच्या डोक्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो.

पुढच्या घटना सांगण्याआधी वशिंडवाल्याचे गुण सांगायला हवेत. गावाकडे ते कुणाला सांगावे लागत नाहीत. सैल कातडी, लोंबती पोळी, आखूड गुळगुळीत केस, घामाच्या ग्रंथी मोठ्या. शरीरात उष्णता कमी तयार होते आणि झालेली लवकर बाहेर जाते. निकृष्ट चाऱ्यावर तग धरतं. आणि गोचीड! युरोपी गाईच्या अंगावर जिथे गोचिडांचे घोस लटकतात, तिथे वशिंडवालीच्या अंगावर थोड्याच टिकतात. उणे बाजूही आहे. कालवडी उशिरा माजावर येतात, आणि मांस निबर असतं. स्नायूंतली प्रथिनं मोडून मांस मऊ करणारं एक विकर असतं. त्याला अडवणारं द्रव्य या जातीत जास्त असतं. मांसाच्या कळपातली निवड या दोन बाजूंच्या मध्ये हिंदकळत आली आहे.

आता कृष्णाकाठी.

आमच्याकडची जमीन काळी, खोल, भारी. पावसाने भिजली की पाय रुततो आणि वाळली की हाताएवढ्या भेगा पडतात. तिथे माणदेशी खिलार कमी पडतो. खिलार अंगाने आवळ, खुराने टणक, चालीला झपाझप. तो माळरानाचा आणि रस्त्याचा बैल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली, मिरज, कुरुंदवाड या पटवर्धनी संस्थानांत काळ्या रानाला साजेसा बैल घडवायचं मनावर घेतलं गेलं. काठेवाडची गीर आणली, गुजरातेतली कांकरेज आणली, आंध्रातली ओंगोल आणली, आणि ती म्हैसुरी वळणाच्या इथल्या गुरांशी मिळवली. त्यातून जी जात स्थिरावली तिला कृष्णा खोरे किंवा कृष्णाकाठी म्हणतात. धिप्पाड, अंग सैल, पाय आखूड आणि जाड, शिंगं लहान, शेपूट जवळजवळ जमिनीला टेकणारी, चाल संथ, स्वभाव गरीब. खूर मऊ. खडकाळ रस्त्यावर तो झिजतो, पण काळ्या चिखलात त्याच्यासारखा दुसरा नाही.

कुठलीही प्रयोगशाळा नाही, आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियम जगाने अजून वाचलेले नाहीत, आणि कृष्णेच्या काठावर चार जातींचा संकर जमून जात म्हणून उभी राहते, याचं मला फार अप्रूप वाटतं. इंग्लंडात शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ नोंदवणारी पहिली वही, कोट्सचं हर्ड बुक, १८२२ साली छापली गेली होती. आमच्याकडे वही नव्हती. वळू कुणाचा, त्याची आई कुणाच्या दावणीची, ते माणसांच्या तोंडी असे. आजोबा म्हणत, "वळू बघायचा असंल तर आधी त्याची आय बघ." वहीचं काम हे एक वाक्य करत होतं. पण माणसं गेली की तोंडची वहीही जाते.

अमेरिकेतल्या हकिकतीचं पुढे याच रक्ताशी नातं जुळतं. तिथे दक्षिणेकडच्या राज्यांत युरोपातून आणलेली गुरं उन्हाने धापा टाकत आणि तापाने मरत. टेक्ससमधून उत्तरेला हाकलेले कळप जिथून जात तिथली गुरं पटापट मरत, पण टेक्ससची मात्र धडधाकट राहत. हा 'टेक्सस ताप' गोचिडांतून पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली सिद्ध करून छापलं. संधिपाद वर्गातल्या जीवाकडून सस्तन प्राण्यात रोग जातो याचा तो पहिला पुरावा. आपली बायका-पोरं संध्याकाळी गाईच्या कानामागून चिमटीने गोचीड काढून शेणात चिरडतात, तेव्हा त्यांच्या हातात केवढं शास्त्र असतं!

वशिंडवाली गुरं तिकडे तुकड्यातुकड्यांनी गेली. १८५४ साली लुइझियानातल्या रिचर्ड बॅरो या मळेवाल्याला ब्रिटिश सरकारने दोन हिंदुस्थानी वळू भेट दिले. हिंदुस्थानात ऊस-कापूस लावायला निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला त्याने ती शेती शिकवली होती, त्याची ती परतफेड. १८८५ साली ह्यूस्टनच्या दोघांनी थेट हिंदुस्थानातून आणखी दोन वळू नेले. १९०४ साली हागेनबेकच्या जनावरांच्या खेळाबरोबर काही गुरं अमेरिकेत उतरली, म्हणजे सर्कशीतून. मग १९०५-०६ साली टेक्ससच्या पिअर्स रँचने ३० वळू आणि ३ गाई आणल्या. विलगीकरणात असताना त्या खेपेतल्या काहींना सर्रा नावाचा रोग झाल्याचं दिसलं आणि ती मारावी लागली. वाचली ती टेक्ससला पोहोचली. १९२४-२५मध्ये आणखी काही ब्राझीलहून मेक्सिकोमार्गे आली. सगळी मिळून तीनशेही भरत नाहीत, आणि त्यांत बहुतेक वळूच.

तीनशेंतून लाखोंचा कळप कसा झाला? तिथल्याच गाईंवर तेच वळू पिढ्यान् पिढ्या सोडून. पहिल्या पिढीत निम्मं रक्त, दुसरीत पाऊण, तिसरीत चौदा आणे, चौथीत पंधरा. पाचव्या पिढीला जनावर दिसायला पुरतं हिंदुस्थानी झालं, पण त्याच्या आईची आई, तिची आई, थेट वरपर्यंत युरोपी गाय. आजच्या अमेरिकी आणि ब्राझीली वशिंडवाल्यांत आईकडून येणारं जनुक तपासलं की ते बहुतेक युरोपीच निघतं. चार हजार वर्षांपूर्वी इकडे जे झालं तेच तिथे पुन्हा झालं. बाप पूर्वेचा, आई तिथली.

१९२४ साली ह्यूस्टनला पैदासकारांची संघटना झाली आणि तिचे पहिले सचिव सार्टवेल यांनी जातीला 'ब्राह्मन' हे नाव सुचवलं. तिच्या घडणीत कांकरेज, ओंगोल, गीर ही तीन नावं मोठ्या अक्षरांत असतात, आणि चौथं, थोड्या प्रमाणात म्हणून, कृष्णा खोरे. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. ज्या तीन जाती एकत्र आणून पटवर्धनांच्या मुलखात बैल घडला होता, त्याच तीन जाती अर्ध्या शतकाने टेक्ससमध्ये एकत्र आल्या. आपल्याला हवा होता ओढणारा खांदा, त्यांना हवं होतं मांस. तरी निवड करणाऱ्यांची नजर सारख्याच जनावरांवर गेली.

ब्राह्मन हे तिथे शेवटचं उत्तर नव्हतं, कच्चा माल होता. किंग रँचने १९१८ साली पिअर्स रँचकडून पाऊण ते चौदा आणे रक्ताचे ५२ वळू घेतले आणि शॉर्टहॉर्न गाईंवर सोडले. १९२० साली जन्मलेल्या 'मंकी' नावाच्या तांबड्या वळूपासून सांता गर्ट्रुडिस ही जात निघाली आणि १९४० साली तिला सरकारी मान्यता मिळाली. तिच्यात आठांपैकी पाच हिस्से शॉर्टहॉर्न, तीन ब्राह्मन. अँगससह तेच प्रमाण धरून ब्रँगस झाली. ब्राह्मन निम्मी, हेरेफर्ड पाव आणि शॉर्टहॉर्न पाव, ती बीफमास्टर. तीन-अष्टमांश हा आकडा वारंवार येतो, तो त्या मुलखातल्या उन्हाचं आणि बाजारातल्या दाताचं माप धरून आलेला आहे. ऊन-गोचीड सोसण्यापुरतं वशिंडवाल्याचं रक्त आणि दाताखाली मऊ लागण्यापुरतं दुसरं.

निवडीचं शास्त्र यातूनच उभं राहिलं. मांसाच्या कळपात आई आणि बाप वेगवेगळ्या कामांसाठी निवडतात. आई अशी हवी की जी त्या हवेत, त्या चाऱ्यावर वर्षाला एक वासरू देईल, सहज विणेल, दुधाने वासरू पोसेल आणि बारा-पंधरा वेतं टिकेल. बाप असा हवा की त्याची वासरं झपाट्याने वाढतील आणि अंगाला मांस धरतील. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर हेरेफर्ड आणि ब्राह्मन यांच्या पहिल्या पिढीच्या पट्टेरी गाईला अजून मोठा मान आहे. तिच्यावर अँगस किंवा शॅरोले वळू सोडतात आणि त्यांची वासरं सगळी बाजारात जातात. पैदाशीला एकही ठेवत नाहीत.

संकराचा जोर दिसतो तो मांसाच्या प्रतीत फारसा नाही. तो दिसतो गाभ राहण्यात, वासरू जगण्यात, गाईच्या आयुष्यात. म्हणजे जे गुण निवडीने हळूहळू सुधारतात त्यांत. संकरित आईवर तिसऱ्या जातीचा वळू सोडला तर गाईमागे मिळणारं वासरांचं वजन पाचव्या हिश्श्याने ते पावपटीने वाढतं. रक्तं जितकी दूरची, तितका जोर अधिक. म्हणूनच वशिंडवालं आणि बिनवशिंडाचं ही जोडी जगात सर्वांत ताकदीची ठरते. पण पहिल्या पिढीतली जनावरं आपसांत लावली की निम्मा जोर पुढच्याच पिढीत ओसरतो. दोन जातींचे वळू आलटून पालटून वापरले तर साधारण दोन-तृतीयांश टिकतो, तीन जातींचे वापरले तर ८६ टक्के. म्हणजे संकर चालू ठेवायचा तर कुणीतरी कुठेतरी शुद्ध वाण राखत बसलंच पाहिजे. संकराचा कळप ज्याच्यावर उभा असतो तो शुद्ध कळप सांभाळणाऱ्याला सगळे विसरतात.

ब्राझीलने हे लवकर ओळखलं. तिथल्या एका मळेवाल्याने १८७८ साली हॅम्बुर्गला हागेनबेककडे ओंगोल गुरं पाहिली आणि विकत घेतली. हागेनबेकचं नाव या वंशावळीत दुसऱ्यांदा येतं. तिथे ओंगोलला नेलोर म्हणतात, आंध्रातल्या नेल्लोरवरून. शेवटची मोठी खेप १९६२ सालची, आणि तिच्यात आलेल्या 'करवदी' या वळूचं रक्त आज त्या देशाच्या नेलोर कळपात दूरवर पसरलेलं आहे. ब्राझीलच्या गुरांपैकी पाचांत चार वशिंडवाली आहेत. आपल्या वर्ध्या-नागपुराकडची गवळाऊ ही ओंगोलचीच जवळची नातेवाईक मानतात. अंगाने हलकी, धावायला पटाईत. मराठ्यांच्या फौजेचं सामान गोंडवनाच्या डोंगरांतून झपाट्याने न्यायला ती घडली, असं जातींची वर्णनं सांगतात.

ऑस्ट्रेलियात १९३३ साली अमेरिकेहून १८ ब्राह्मन गुरं क्वीन्सलँडला गेली, आणि आज तिथल्या उत्तरेत त्यांचंच राज्य आहे. पण तिथली मांसाची प्रत ठरवणारी पद्धत कापलेल्या जनावराच्या वशिंडाची उंची मिलिमीटरमध्ये मोजते. वशिंड जेवढं उंच, तेवढी प्रत खाली. आजोबा ज्या वशिंडावर तळवा ठेवून बैलाची किंमत चढवत, त्याच वशिंडाला तिथे पट्टी लावून किंमत उतरवतात. ब्राझीलमध्ये मात्र वशिंडाचा तुकडा 'कुपिम' या नावाने निखाऱ्यावर भाजून आवडीने खातात.

आपण महाराष्ट्रात संकर केला तो दुधासाठी. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ ही संस्था उभी केली आणि होल्स्टीन-जर्सीचं गोठवलेलं वीर्य दारोदार पोहोचवलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने निम्मी होल्स्टीन, पाव जर्सी, पाव गीर अशी 'फुले त्रिवेणी' तयार केली. राहुरीशेजारच्याच श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे, जिथे दोन बैल जुंपलेला काशाचा रथ सापडला. त्या बैलांपासून त्रिवेणीपर्यंतचं अंतर प्रवरेच्या खोऱ्यात काही कोसांचं आहे. संकरित गाईने घराघरांत रोजचा पैसा आणला, मुलं शिकली; मीही त्याच दुधाच्या पगारावर इथवर आलो. हे न सांगता पुढे गेलो तर तो कृतघ्नपणा होईल.

पण आम्ही आईपुरतंच बघितलं. मांसाच्या कळपात खोंड हेच पीक असतं. तो बाजारात नीट जावा म्हणून सगळी निवड. दुधाच्या संकरात खोंड जन्मला की घर गप्प होतं. त्याला वशिंड नाहीसारखंच, त्यामुळे जू मानेवरून घसरतं. वैशाखात नांगराला लावला तर दहा वाजताच तोंडाला फेस येतो. त्यात ट्रॅक्टर आले, बैलाची कामं गेली, आणि २०१५ साली राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याबद्दल आमच्या घरातच दोन मतं आहेत. दोन्हीकडच्या माणसांनी रात्री हातात बॅटरी घेऊन उसातून मोकाट खोंड हाकलले आहेत. आता नर-मादी निवडलेलं वीर्य मिळतं, दहांपैकी नऊ कालवडीच होतात. खोंडाचा प्रश्न तो जन्मायच्या आधीच मिटवला जातो.

आणि कृष्णाकाठी? कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मान्य जातींच्या यादीत तिचं नाव आहे. रानात ती क्वचित दिसते, सांगली-बेळगाव-विजापूर पट्ट्यात कुणाकुणाकडे. ऊस आला, ट्रॅक्टर आला. संथ चालीच्या, भरपूर खाणाऱ्या बैलाला कोण पोसणार? तिच्या रक्ताचा अंश टेक्ससच्या, तिथून क्वीन्सलँडच्या कळपांत गेला. तिथल्यांच्या वह्यांत तिचं नाव आहे. आमच्या तोंडी मात्र ते उरलेलं नाही.

आमच्या दावणीला एक पांढरी गाय आहे. व्यापारी तिला 'खिलार-गावठी' म्हणतात. पण तिची शिंगं आखूड आहेत, पोळी गुडघ्यापर्यंत येते आणि शेपूट चालताना मातीत घासते. बाबा म्हणतात, आजोबांनी ज्या वळूला दर सणाला पुरणपोळी चारली, त्याचं रक्त हिच्यात आहे. मागच्या महिन्यात ती माजावर आली. रेतन करणारा मुलगा मोटारसायकलवर टाकी बांधून आला आणि बाबांनी मला व्हिडिओ कॉल लावला. मी नईमच्या खोलीतून बघत होतो. त्याने झाकण उघडलं, नायट्रोजनची पांढरी वाफ टाकीच्या काठावरून खाली सांडली, चिमट्याने कांडी वर धरून तो म्हणाला, "काका, कुठलं भरू? एचेफ हाय, जर्सी हाय, गीर हाय. खिलार पाहिजे तर तेबी हाय."

बाबांनी विचारलं, "कृष्णाकाठचं?"

तो जरा थांबला. "ते नाही बघा टाकीत. कुणी मागतच नाही."

फोन गोठ्याच्या खांबाला टेकवलेला होता. पडद्यावर गाईचा अर्धा खांदा आणि बाबांचा हात दिसत होता. तो हात वशिंडावर होता. कागवाडकडे एकाच्या गोठ्यात तसला वळू आहे असं ऐकलंय, ते म्हणाले, जाऊन बघतो. मग त्या मुलाला त्यांनी चहा दिला आणि सांगितलं, "या खेपेला राहू दे. एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येईल."